अजिंठ्यात आयुष्य, भुसावळात विसावा : चित्रकार मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट

जळगाव शहराच्या नळाला येतं ते वाघूर धरणाचं पाणी. ही वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातली. सातकुंडाच्या धबधब्यावरून ती लेण्यांच्या पायथ्याशी उतरते, घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि जामनेर तालुक्यातून खाली येत तापीला मिळते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाचा प्रवासही असाच झाला. त्याने उमेदीची सगळी वर्षं वाघूरकाठच्या लेण्यांत घालवली आणि त्याचा शेवट तापीकाठी भुसावळला झाला. त्याचं नाव मेजर रॉबर्ट गिल.

गिलचं नाव आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेलं असतं ते पारोमुळे. गोरा साहेब आणि लेणापूरची पोर, एवढीच गोष्ट लेणी बघायला आलेल्या माणसाला सांगितली जाते. पण हा गडी मुळात चित्रकार होता. त्याने काय काम केलं, ते कसं केलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे फारसं कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी हा लेख.

लंडनचा पोरगा, मद्रासची फौज

गिलचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ चा, इंग्लंडमधला. विशीच्या आत-बाहेर असतानाच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला. त्या वेळी अशी शेकडो पोरं जहाजात बसून इकडे यायची. काही तापाने जायची, काही लढाईत जायची, उरलेली हळूहळू बढती घेत वर चढायची. गिल उरलेल्यांपैकी. १८४० च्या सुमारास तो कॅप्टन झाला. १८४१ मध्ये त्याचं लग्न झालं, पुढे मुलंबाळंही झाली.

त्या काळात फौजेतल्या अधिकाऱ्याला थोडीफार चित्रकला यावीच लागे. कॅमेरा नव्हता. किल्ला कसा आहे, नदीला उतार कुठे आहे, डोंगरातली वाट कुठून जाते, हे सगळं हाताने काढून वरच्या कचेरीत पाठवावं लागे. बहुतेकांचा हात तेवढ्यापुरताच चाले. गिलचा हात मात्र त्याहून बराच पुढे गेलेला होता. म्हणूनच चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याला असं काम मिळालं, की पुढे त्याची ओळख फौजेवरून राहिली नाही, त्या कामावरून राहिली.

लेणी सापडली, पण चित्रं झडू लागली

१८०३ मध्ये असईची लढाई झाली तेव्हा जखमी इंग्रज सैनिकांना अजिंठा गावात आणून ठेवलं होतं. म्हणजे गाव साहेबलोकांना माहीत झालं होतं. लेण्यांची मात्र त्यांना खबर नव्हती. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे आला. अजिंठा मात्र निजामाच्या राज्यातच राहिला. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या मद्रास घोडदळातल्या अधिकाऱ्याला झाडीतून लेण्याची कमान दिसली. दहा क्रमांकाच्या लेण्यात त्याने खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती आजही तिथे आहे.

'शोध लागला' असं पुस्तकात लिहितात खरं, पण गुराख्यांना आणि डोंगरातल्या भिल्लांना ती जागा माहीत होतीच. माहीत नव्हती ती साहेबाला.

त्यानंतर पाहुणे येऊ लागले आणि नुकसानही सुरू झालं. एका इंग्रज डॉक्टराने तर आठवण म्हणून भिंतीवरच्या आकृती खरवडून काढल्या. त्या टिकल्या नाहीत, त्यांचा भुगा झाला. वटवाघळं, पावसाची ओल, आसऱ्याला थांबलेल्या माणसांच्या चुलींचा धूर, हे तर वेगळंच.

१८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन नावाचा माणूस लेणी बघायला आला. पूर्वी निळीच्या धंद्यात असलेला हा गृहस्थ पुढे हिंदुस्थानच्या स्थापत्याचा मोठा अभ्यासक झाला. १८४३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रं फार दिवस राहायची नाहीत, निदान त्यांच्या नकला तरी करून घ्या, असा त्याचा आग्रह होता. कंपनीच्या लंडनच्या वरिष्ठांनी तो मानला. १८४४ मध्ये मद्रास सरकारने या कामावर कॅप्टन गिलला नेमलं.

नेमणूक करणाऱ्यांना वाटलं असेल, दोन-तीन हंगामांचं काम आहे. प्रत्यक्षात ते जवळजवळ वीस वर्षं चाललं.

मातीच्या भिंतीवरून कापडावर

गिलने बिऱ्हाड केलं अजिंठा गावात, घाटाच्या माथ्यावर. तिथली जुनी बारादरी हे त्याचं राहण्याचं ठिकाण म्हणून गावकरी आजही दाखवतात. लेणी घाट उतरून खाली. रस्ता धड नाही, झाडीत वाघ, पावसाळ्यात हिवताप. फर्दापूरहून आज आपण बसने दहा मिनिटांत लेण्यांपाशी पोचतो. त्याचा रोजचा कामावर जाण्याचा रस्ता जंगलातला होता.

आता काम काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण गिलचं मोठेपण त्यातच आहे.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी आधी दगडाच्या खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा चढवला. त्या मातीत भुसा, गवत, झाडांचे धागे कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळला की गेरूने रेषा काढायची आणि मग रंग भरायचे. तांबडा आणि पिवळा मातीतून, हिरवा एका जातीच्या दगडातून, काळा काजळीतून. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड तेवढा लांबून, अफगाणिस्तानकडून आलेला. रंग धरून ठेवायला डिंकासारखा चिकट पदार्थ. थोडक्यात, आपल्या घराच्या कुडाच्या भिंतीची आणि या चित्रांची जात एकच. म्हणून तर ओल लागली की पोपडे धरतात.

गिलला हे सगळं उतरवायचं होतं कॅनव्हासच्या कापडावर, तैलरंगांत. भिंतीवरचा रंग सुका आणि मऊसर, तैलरंग चकचकीत आणि जाड. पहिली अडचण इथेच.

दुसरी अडचण नजरेची. युरोपात शिकलेल्या चित्रकाराला सवय असते एका बाजूने उजेड धरायची. नाकाच्या एका अंगाला प्रकाश, दुसऱ्या अंगाला सावली. जवळचं मोठं, लांबचं लहान. अजिंठ्याच्या चित्रात असं काही नाही. तिथे रेषा बोलते. एकाच भिंतीवर राजवाडा, जंगल, समुद्र, बाजार असं सगळं एकात एक गुंफलेलं असतं. एकच राजपुत्र एकाच चित्रात चार ठिकाणी दिसतो, कारण तिथे गोष्ट पुढे सरकत असते. सतरा नंबरच्या लेण्यातली विश्वंतर जातकाची भिंत बघितली की हे लगेच कळतं. असं चित्र उतरवायचं म्हणजे आधी शिकलेलं बाजूला ठेवायचं आणि हजार-दीड हजार वर्षांपूर्वी हात चालवलेल्या माणसापुढे शिष्य म्हणून बसायचं.

तिसरी अडचण उजेडाची. लेण्यांची रांग वळणदार असल्यामुळे कुठल्या लेण्यात कधी ऊन शिरेल त्याच्या वेळा ठरलेल्या. आत खोलवर तर दिवसाही अंधार. जुन्या मंडळींना आठवत असेल, वीज येण्याआधी गाइड लोक बाहेर पत्रा धरून ऊन आत पाडायचे. गिलच्या वेळी तेवढीही सोय करायची ती स्वतःच. मशाल लावावी तर धूर, न लावावी तर दिसत नाही.

या अडचणींतून वाट काढत गिलने मोठमोठ्या कॅनव्हासवर पंचवीस-तीस चित्रं पूर्ण केली. खान्देशात तेव्हा रेल्वे नव्हती. सुएझचा कालवाही खुला व्हायचा होता. चित्र वाळवायचं, गुंडाळायचं, गाडीने बंदरापर्यंत न्यायचं, तिथून जहाजाने विलायतेला. एक चित्र पोचायला महिनेच्या महिने.

एक उणी बाजूही सांगायला हवी. त्या काळात आणि पुढच्या नकलाकारांच्या काळात चित्रं उठून दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश लावलं गेलं. तेव्हा रंग उजळले, पण कालांतराने तेच वार्निश पिवळं पडलं, काळवंडलं आणि काढता काढता पुढच्यांच्या नाकी नऊ आले. वाचवायला आलेल्यांच्या हातूनही असं झालं. ते शास्त्रच तेव्हा नव्हतं.

पारो

या वर्षांतच पारो त्याच्या आयुष्यात आली. ती कोण, कुठली, कशी भेटली, याबद्दल परिसरात अनेक कथा आहेत. कोणी तिला लेणापूरची म्हणतं, कोणी डोंगरातली आदिवासी मुलगी म्हणतं. ती त्याला रंगांसाठी फुलं-पानं आणून द्यायची असंही सांगतात. कागदावर तिची नोंद शोधायला गेलं तर हाती लागतं एकच गोष्ट, अजिंठा गावातली तिची कबर. गिलने बांधलेल्या त्या कबरीवरच्या दगडावर तिचं नाव आहे, २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आहे आणि गिलने आपल्या प्रेमाचा शब्द आपल्या नावासह कोरून घेतला आहे.

हे लहानसं वाटतं, पण त्या काळचा विचार करा. गोऱ्या अधिकाऱ्यांचे इथल्या बायकांशी संबंध असत, मात्र त्याची वाच्यता होत नसे. गिलची लग्नाची बायको होती, मुलं होती. तरीही त्याने पारोचं नाव दगडावर उघड कोरलं. ते त्या बायकोच्या बाजूने बघितलं तर वेगळं दिसेल, आणि पारोच्या घरच्यांच्या बाजूने अजून वेगळं. त्या दोघींचं म्हणणं आपल्यापर्यंत आलेलंच नाही. आपल्याकडे आहे फक्त साहेबाने लावलेला दगड.

पुढे शेजारच्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी याच गोष्टीवर 'अजिंठा' ही दीर्घकविता लिहिली. २०१२ मध्ये नितीन देसाई यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यामुळे पारो घराघरांत पोचली. गिलचं चित्रांचं काम मात्र तिच्या मागे झाकलं गेलं.

कुंचल्यासोबत कॅमेरा

१८५६ च्याच सुमारास गिलच्या हातात कॅमेरा आला. तेव्हा त्याचं वय पन्नाशी ओलांडलेलं. या वयात माणूस नवीन काही शिकायला तयार नसतो. गिल शिकला.

त्या काळचं फोटो काढणं म्हणजे आजच्यासारखं बोट लावलं की झालं असं नव्हतं. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. खान्देशच्या उन्हाळ्यात ओली काच किती वेळ ओली राहणार? शिवाय अजिंठ्यात रसायनं नेणं आलं, स्वच्छ पाणी आणणं आलं, काचा न फुटता घाट उतरवणं आलं.

गिलने दुहेरी भिंगाचा कॅमेराही वापरला. त्यात एकाच दृश्याचे दोन फोटो थोड्या अंतराने निघतात आणि दोन डोळ्यांच्या यंत्रातून बघितलं की ते चित्र खोल, जिवंत दिसतं. लेण्यांसाठी ही युक्ती अगदी योग्य. चित्राला लांबी-रुंदी पुरते, पण डोंगर पोखरून केलेल्या खोलीला खोली दाखवावीच लागते. वीस वर्षं भिंतींकडे बघितलेल्या माणसाला आता खांब, कमानी, स्तूप आणि त्यांवर पडणारं ऊन दिसू लागलं होतं. अजिंठ्याबरोबर त्याने वेरूळचे आणि लोणारचेही फोटो काढले.

१८६४ मध्ये लंडनला फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. एकात लेण्यांचे ७४ फोटो. दुसऱ्यात १०० दुहेरी फोटो, त्यांत इमारती आणि शिकारीची जनावरंही. गिल पट्टीचा शिकारी होता. त्याने दीडशेवर वाघ मारले असं सांगतात. आज ऐकायला बरं वाटत नाही, पण तो त्या काळातला माणूस होता.

एका रात्रीत राख

गिलची चित्रं लंडनजवळ सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी उभारलेली ही लोखंड-काचेची अवाढव्य इमारत नंतर तिथे हलवली होती. अजिंठ्याला कधीही येऊ न शकणारी हजारो माणसं तिथे पहिल्यांदा अजिंठा बघत होती.

३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीच्या एका भागाला आग लागली. गिलची चित्रं तिथेच होती. जवळजवळ सगळी जळाली. वाचली ती चार-पाच, तीही तिथे मांडलेली नव्हती म्हणून.

एका माणसाची जवळजवळ वीस वर्षं. त्यातला एकेक कॅनव्हास म्हणजे किती उन्हाळे, किती ताप, किती वेळा घाट चढणं-उतरणं. ही बातमी अजिंठ्यापर्यंत यायला काही आठवडे तरी लागले असतील. तेव्हा गिल ६२ वर्षांचा होता. अशा वेळी माणूस गाशा गुंडाळून मायदेशी निघून जातो. गिल अजिंठा सोडून गेला नाही. तो याच मुलखात राहिला.

या आगीला जोडून एक चमत्कारिक योगायोग सांगितला जातो. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्यांच्यात होते. त्यांचं काम १८८५ पर्यंत चाललं. त्यातल्याही बऱ्याच चित्रांचा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत बळी गेला. नंतर जपानी चित्रकारांनी केलेल्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. लोक याला शाप म्हणतात. शाप वगैरे काही नाही. कापड आणि कागद जळतात, एवढंच. मातीच्या भिंतीवरचं मूळ काम दीड हजार वर्षं टिकलं आणि गोदामात जपलेल्या नकला गेल्या, ही गोष्ट मात्र विचार करायला लावते.

शेवटचा प्रवास भुसावळचा

गिल अजिंठ्यात आला तेव्हा भुसावळ हे लहान गाव होतं. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे तिथे पोचली. १८७० मध्ये जबलपूरकडचा मार्ग जोडला गेला आणि मुंबई-कलकत्ता गाडी भुसावळवरून धावू लागली. रेल्वेसोबत गोरे ड्रायव्हर, गार्ड, इंजिनीअर आले, त्यांची वस्ती आली, चर्च आलं, दवाखाना आला आणि कब्रस्तानही आलं.

१० एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, मेजर रॉबर्ट गिलचा मृत्यू झाला. अजिंठ्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली त्याला तेव्हा ३५ वर्षं झाली होती. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात त्याला पुरण्यात आलं. पारो घाटमाथ्यावर अजिंठ्यात, गिल खाली भुसावळात.

मग उरलं काय?

चार-पाच कॅनव्हास उरले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. जळालेल्या चित्रांपैकी काहींवरून आगीआधीच लाकडी ठशांची रेखाचित्रं करून पुस्तकात छापली गेली होती, ती उरली. फोटो उरले. अभ्यासकांच्या दृष्टीने या सगळ्याची किंमत मोठी आहे. कारण १८४४ नंतर भिंतींवरचा बराच रंग गळून गेला. आज जिथे नुसती माती दिसते तिथे पूर्वी काय होतं, हे सांगणारा जुना साक्षीदार म्हणजे गिलचं काम.

आणखी एक गोष्ट उरली, ती दिसत नाही. अजिंठ्याकडे जगाचं लक्ष वळवणाऱ्यांत गिल पहिल्या फळीतला. त्याची चित्रं जळाली म्हणूनच पुन्हा नकला करायला ग्रिफिथ्स आले. त्यांच्यामागून इतर आले. निजाम सरकारने १९२० नंतर इटलीहून कारागीर आणून भिंतींची डागडुजी करवली. १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेला. ही साखळी बघत मागे गेलं की सुरुवातीच्या कड्यांत एक फौजी दिसतो, हातात कुंचला घेऊन अंधारात भिंतीकडे बघत बसलेला.

त्याने स्वतःच्या मनाने काढलेलं चित्र कोणी विचारत नाही. सगळं आयुष्य त्याने दुसऱ्याचं चित्र उतरवण्यात घालवलं, आणि ज्यांचं चित्र उतरवलं त्या कलाकारांची तर नावंही कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांचा हात कसा चालत होता, हे आधुनिक काळात इतकी वर्षं खपून समजून घेणारा पहिला चित्रकार तोच.

जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या सहली दरवर्षी अजिंठ्याला जातात. पोरं सेल्फी काढतात, गाइड पारोची गोष्ट सांगतो, गाडी परत फिरते. पुढच्या वेळी मास्तरांनी एवढंच करावं. सतरा नंबरच्या लेण्यात पोरांना पाच मिनिटं बसवावं, समोरच्या भिंतीवरची एकच आकृती वहीत उतरवायला सांगावी. मग गिलचं नाव सांगावं. आणि भुसावळला कधी गाडी बदलायची वेळ आली, हाताशी तासभर असला, तर त्या जुन्या कब्रस्तानाकडे एक चक्कर टाकावी.